देवाच्या दारची नोकरी : सहिष्णुता आणि खरेपणा

(शहापूर आणि मुरबाड इथे लागोपाठ दोन संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं एकत्रित शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय ऐकायला सरळ आहे. देवस्थानं, दर्गे, चर्चच्या शाळा, मठ, धार्मिक ट्रस्टची वसतिगृहं या संस्था माणसं कामावर कशा ठेवतात आणि कामावरून कशा काढतात? तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाला नोकरभरतीचं काय पडलंय? पडलंय, कारण सहिष्णुता या शब्दाची खरी परीक्षा भाषणात होत नाही. ती मस्टरवर होते. व्यासपीठावर सर्वधर्मसमभाव म्हणायला पैसे पडत नाहीत. पगारपत्रकावर कुणाचं नाव लिहायचं आणि कुणाचं खोडायचं, तिथे माणूस कळतो.

आणि आपल्या तालुक्यांना तर हा विषय जवळचा आहे. तानसा, भातसा इथली. पाणी जातं मुंबईला. शेती पावसावर. एमआयडीसीतलं काम बहुतेक कंत्राटी. तरणी पोरं पहाटेची कसारा लोकल पकडतात किंवा मुरबाडहून एसटीने कल्याण गाठतात. अशा ठिकाणी देवस्थानातला पहारेकरी, संस्थेच्या शाळेतला शिपाई, वसतिगृहातली स्वयंपाकीण, गोशाळेतला गडी ही लहान पदं नाहीत. त्यावर पाच-सहा माणसांचं घर चालतं. म्हणून ती कुणाला मिळतात आणि का जातात हा न्यायाचा प्रश्न आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. सर्वसाधारण समजूत अशी की सहिष्णुता म्हणजे धर्माची काही अटच नसणं, आणि अट घातली की संस्था असहिष्णू झाली. मला हे पटत नाही. धार्मिक संस्थेला काही कामांसाठी श्रद्धेची अट घालता आली पाहिजे. पण ती अट कामाला धरून हवी, आधी सांगितलेली हवी, आणि माणसाला काढताना जे कारण कागदावर लिहिलं तेच कारण मनात हवं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. अट उघड असेल तर तिच्याशी वाद घालता येतो. लपवलेल्या अटीशी वादही घालता येत नाही.

आता जवळचंच उदाहरण घेऊ. कल्याणला उतरलं की दक्षिणेकडे मलंगगड आहे. तिथला हाजी मलंगचा दर्गा सगळ्यांना ठाऊक आहे. काही जण त्याला मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात. तो वाद मोठा आहे आणि आज तो माझा विषय नाही. मला सांगायचंय ते वहिवाटदाराबद्दल. या दर्ग्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे आहे. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये याची हकिकत आहे. काशीनाथपंत केतकरांच्या काळापासून व्यवस्था त्या घराकडे होती. पुढे स्थानिक मुसलमानांनी विचारलं, दर्गा आमच्या पीराचा आणि व्यवस्था ब्राह्मणाकडे का? प्रश्न रास्तच होता. १८१७ साली हे भांडण मिटवायला असं ठरलं की पीराचीच इच्छा विचारू या, चिठ्ठ्या टाकू. चिठ्ठ्या टाकल्या. तीनदा कौल पडला तो काशीनाथपंतांच्या माणसाच्या बाजूने. मग तोच वहिवाटदार. पुढे या संस्थेचा वाद १९५० च्या दशकात थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयानेही ही संस्था मिश्र स्वरूपाची मानली : तिला निव्वळ हिंदू किंवा निव्वळ मुस्लिम कायदा लावता येणार नाही, तिची स्वतःची वहिवाट आणि विश्वस्त संस्थांचा सर्वसाधारण कायदा हेच तिला लागू.

ही गोष्ट मी बंधुभावाची गोड कथा म्हणून सांगत नाही. वंशपरंपरेने येणारा अधिकार मला तात्त्विकदृष्ट्या पटणारा नाही, मग तो कुणाचाही असो. चिठ्ठी टाकून माणूस नेमणं ही काही आदर्श भरती नव्हे. पण त्यात एक गुण होता, तो आजच्या पुष्कळ भरत्यांत सापडत नाही. निकष काय हे दोन्ही बाजूंना आधी माहीत होतं, कौल सगळ्यांच्या देखत पडला, आणि जो पडला तो मानला. 'तुझी हजेरी कमी होती' असं खोटं कारण कुणाला सांगावं लागलं नाही.

आता तिथून येतो आपल्या काळात. नगर जिल्ह्यात, म्हणजे आता अहिल्यानगर, नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. घरांना दारं नाहीत, कड्याकुलपं नाहीत, अशी त्या गावाची देशभर ख्याती. जून २०२५ मध्ये तिथल्या देवस्थानाने १६७ कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केलं. त्यांतले ११४ मुस्लिम होते. देवस्थानाने कारण सांगितलं ते अनियमित हजेरीचं आणि बेशिस्तीचं. पण त्याच्या आधीचे काही आठवडे आठवा. चौथऱ्यावर मुस्लिम कारागिरांनी काम केल्याची चित्रफीत पसरली होती. मुस्लिम कर्मचाऱ्यांना काढून टाका अशी मागणी हिंदू संघटनांनी लावून धरली होती. १४ जूनला मोर्चाची हाक होती. आणि मोर्चाच्या तोंडावर ही कारवाई झाली.

इथे मी कुणाच्या मनात शिरून निकाल देणार नाही. तर्काने जेवढं दिसतं तेवढंच बोलतो. दोन शक्यता आहेत. पहिली : कारण खरंच हजेरीचं होतं. तसं असेल तर ही माणसं गैरहजर राहत होती तेव्हा व्यवस्थापन काय करत होतं? कारणे दाखवा नोटिसा कधी गेल्या? प्रत्येकाची हजेरी वेगळी, तर निर्णय घाऊक कसा? आणि तो बरोबर मोर्चाच्याच आठवड्यात कसा सुचला? दुसरी शक्यता : कारण धर्माचं होतं. तसं असेल तर ते कागदावर का नाही? 'आमच्या मते इतर धर्माच्या माणसाने इथे काम करू नये' असं म्हणायची हिंमत असेल तर म्हणा, त्याची जबाबदारी घ्या, कायद्यापुढे आणि भक्तांपुढे ते टिकवून दाखवा. पहिली शक्यता खरी मानली तर दोष व्यवस्थापनाच्या ढिलाईचा ठरतो, दुसरी मानली तर अप्रामाणिकपणाचा. दोन्हींत प्रश्न मालकालाच विचारावा लागतो, नोकराला नव्हे.

आणि उरलेल्या ५३ जणांचं काय? ते मुस्लिम नव्हते. कारवाईत सगळेच आहेत हे दाखवायला त्यांचा आकडा उपयोगी पडला. यादीत इतर धर्माचेही आहेत एवढ्याने ती यादी धर्म बघून केली नव्हती असं सिद्ध होत नाही. आणि केली होती असंही सिद्ध होत नाही. सिद्ध होण्यासाठी एकेकाची नोंद लागते. ती उघड असती तर वादच उरला नसता. पुढच्याच महिन्यात, जुलैमध्ये, याच देवस्थानातल्या बनावट कर्मचाऱ्यांचा आणि बनावट ॲपचा विषय विधानसभेत आला, मुख्यमंत्र्यांनी चौकशी जाहीर केली. म्हणजे कोण कामावर आहे, कोण फक्त कागदावर आहे, इथपासूनच प्रश्न होता. घरांना दारं नसलेल्या गावात देवस्थानाचं दप्तर मात्र कुलपात, असं म्हणायची वेळ आली.

याच देवस्थानाचं दुसरं एक उदाहरण मला आवर्जून सांगायचंय, नाहीतर एकतर्फी होईल. याच चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ देत नसत. त्यावर आंदोलन झालं, उच्च न्यायालयाने बजावलं, आणि ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, विश्वस्तांनी चौथरा सगळ्यांना खुला केला. निर्णय दबावाखाली झाला असेल, पण उघड झाला. प्रथा काय होती हे सगळ्यांना माहीत होतं, ती बदलली हेही सगळ्यांना सांगितलं. वाद प्रथेशी झाला आणि प्रथा बदलली. २०२५ मध्ये मात्र वाद घालायला समोर प्रथा नव्हतीच. होता तो हजेरीपट.

महाभारतातली युधिष्ठिराची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, द्रोणांना वाक्य ऐकवलं, त्याचा उत्तरार्ध शंखांच्या आवाजात बुडाला. वाक्य शब्दशः खोटं नव्हतं. पण जमिनीपासून चार बोटं वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणी खाली टेकला. 'अनियमित हजेरी' हे कारण काही जणांच्या बाबतीत शब्दशः खरं असेलही. प्रश्न असा की त्याच वेळी शंख का वाजत होते?

बरं, आता दुसऱ्या बाजूचा मुद्दा मांडतो, तोही ताकदीने मांडला पाहिजे. काल शहापूरला व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी विचारलं, "सर, देऊळ आमचं, देव आमचा, पैसा भक्तांचा. मग माणसं आमची ठेवली तर चुकलं काय? मशिदीत हिंदू मुअज्जिन ठेवतात का?" प्रश्न टाळण्यासारखा नाही. माझं उत्तर असं : नाही ठेवत, आणि ठेवू नयेच. कारण बांग देणं हे श्रद्धेचंच काम आहे. पूजा, कीर्तन, नमाज, मिस्सा, दीक्षा ही कामं श्रद्धा नसलेल्या माणसाने करणं हाच अप्रामाणिकपणा. तिथे अट हवी.

आपली राज्यघटनाही हे ओळखते. सरकारी नोकरीत धर्मावरून भेद करायचा नाही असं सांगणाऱ्या १६ व्या अनुच्छेदातच पाचवं उपकलम आहे : धार्मिक संस्थेच्या कारभाराशी संबंधित पदावरचा माणूस त्याच धर्माचा असावा असा कायदा केला तर चालेल. पण सर्वोच्च न्यायालयाने पुढे एक रेघही आखली. १९७२ च्या शेषम्माळ खटल्यात म्हटलं की पूजा कशी करायची हा धर्माचा प्रश्न, पण पुजारी नेमणं ही लौकिक बाब. २००२ च्या आदित्ययन खटल्यात म्हटलं की विधी नीट जाणणारा माणूस असेल तर केवळ तो ब्राह्मण नाही म्हणून त्याला अडवता येणार नाही. म्हणजे विचारायचं ते ज्ञान आणि पात्रता. जन्म नाही.

पंढरपूरला हेच घडलं. साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केलं ते विठ्ठलाच्या पायांपर्यंत सगळ्यांना जाता यावं म्हणून. पण दरवाजा उघडला तरी आतलं काम बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरेतच राहिलं. १९७३ चा कायदा झाला, तो कोर्टात चाळीस वर्षं लढवला गेला, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या हक्कांवर पडदा टाकला. मग मंदिर समितीने पुजाऱ्यांसाठी अर्ज मागवले. सगळ्या जातींचे, आणि बायकांचेही. महत्त्वाचं हे की अर्ज मागवले. ज्या जागा पूर्वी रक्ताने भरल्या जायच्या, तिथे पद काय, लागतं काय, हे जाहीर झालं.

आणि बायका पुजारी म्हटल्यावर आपण दचकायचं कारण नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली समाजात लग्न लावते ती धवलेरी. बाईच. गावोगावच्या शंकराच्या देवळात गुरव पूजा करतो. ब्राह्मण पुरुषच देवाजवळ हवा, ही आपल्या डोंगरपट्ट्याची परंपरा कधीच सरसकट नव्हती.

तर पूजेचं झालं. आता हिशेबनिसाचं बोलू. त्याला काय लागतं? बेरीज बरोबर यायला हवी आणि हात स्वच्छ हवा. माळ्याला झाडं कळायला हवीत. पंपावरच्या माणसाला मोटर कळायला हवी. या कामांना श्रद्धेची अट लावायची तर लावणाऱ्याने सांगावं, श्रद्धेचा इथे उपयोग काय? 'भक्तांच्या भावना' हे उत्तर पुरेसं नाही. भावना कुणाच्या, किती जणांच्या, आणि आजच का दुखावल्या, हेही विचारावं लागतं.

मधली कामं अवघड आहेत हे कबूल. महाप्रसादाचा स्वयंपाकी. चर्चच्या शाळेतला इतिहासाचा शिक्षक. मदरशातला गणिताचा मास्तर. इथे जगातली न्यायालयंही चाचपडत आहेत. अमेरिकेत २०१२ साली एका ल्यूथरन शाळेच्या शिक्षिकेचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. ती इतर विषयांबरोबर दिवसातला थोडा वेळ धर्मही शिकवायची आणि संस्थेने तिला धर्मसेवकाचं पद दिलं होतं. न्यायालयाने एकमताने सांगितलं की धर्मसेवक कोण असावा यात सरकारने पडायचं नाही. ती खटला हरली. यातला धोका दिसतो का? ज्याला धर्मसेवक म्हटलं त्याचं कायद्याचं संरक्षण गेलं. मग जो तो संस्थाचालक शिपायालाही धर्मसेवक म्हणायला मोकळा.

जर्मनीत उलट टोक. चर्चशी निगडित एका संस्थेने वांशिक भेदभावावर अहवाल लिहिण्यासाठी जागा काढली, जाहिरातीत चर्चचं सदस्यत्व मागितलं. कुठल्याच चर्चची सदस्य नसलेल्या एका बाईंनी अर्ज केला, मुलाखतीला बोलावणं आलं नाही, त्या कोर्टात गेल्या. २०१८ साली युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की अट त्या कामाला खरोखर आवश्यक आहे का हे कोर्ट तपासू शकतं. पुढे २०२५ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने चर्चच्या स्वायत्ततेला पुन्हा जास्त वजन दिलं. म्हणजे प्रश्न सुटलेला नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. अट जाहिरातीत छापलेली होती, म्हणूनच त्या बाई कोर्टात जाऊ शकल्या. छापली नसती तर त्यांना फक्त 'निवड झाली नाही' एवढंच कळलं असतं.

आपल्याकडे 'निवड झाली नाही' हेच जास्त चालतं. मी विद्यापीठाचा प्रतिनिधी म्हणून पुष्कळ निवड समित्यांवर बसलो. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, उमेदवाराला विषयाचे दोन प्रश्न विचारून झाल्यावर संस्थेचे चिटणीस हसत म्हणाले, "मूळ गाव कुठलं आपलं? कुलदैवत कोणतं?" आपल्या महाराष्ट्रात हे दोन प्रश्न गप्पा म्हणूनही विचारतात आणि जात काढायलाही विचारतात, हे इथल्या प्रत्येकाला कळतं. नंतर शेऱ्यात काय लिहायचं ठरलं? 'विषयज्ञान अपुरे.' मी त्यावर सही केली नाही. जागा रिकामी राहिली. मला राग कशाचा आला माहितीये? त्या पोराला आयुष्यभर वाटत राहणार की आपल्यालाच विषय येत नव्हता. भेदभाव केला तो केला, वर त्याचं खापर त्याच्या बुद्धीवर फोडलं. खोट्या कारणाचा हा दुसरा घाव पहिल्यापेक्षा खोल जातो.

आता नोकरी मागणाऱ्याच्या खरेपणाकडे येतो. कारण खरेपणा एकट्या मालकाकडून मागता येणार नाही. तिरुपती देवस्थानात अन्य धर्म पाळणाऱ्या कर्मचाऱ्यांवर गेल्या एक-दोन वर्षांत कारवाया झाल्या. तिथला नियम उघड आहे, कर्मचारी हिंदू परंपरा पाळण्याची शपथ घेतो. ज्याने शपथ घेतली आणि जो ती मनातून मानत नाही, त्याला मी काय सांगू? सही करताना खोटं केलं असेल तर ते खोटंच. पण तिथेही मी संस्थेला विचारेन, ही शपथ सगळ्यांकडून का घेता? गाभाऱ्यातल्याकडून घ्या. दवाखान्यातल्या परिचारिकेकडून कशाला?

असहिष्णू नियम माणसाला खोटं कसं बोलायला लावतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी धम्म स्वीकारला. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीसाठी धर्माची अट होती. राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांत बौद्ध म्हटलं की सवलत गेली. ही अट बदलली १९९० साली. चौतीस वर्षं! या चौतीस वर्षांत कल्याण-कसारा पट्ट्यातल्या रेल्वेसारख्या केंद्राच्या नोकरीसाठी घरात बुद्धाची मूर्ती आणि दाखल्यावर 'हिंदू महार' अशी पाळी माणसांवर आली. त्यांना अप्रामाणिक म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. मी म्हणतो, अप्रामाणिक तो नियम होता. पिढ्यान्‌पिढ्या जातीने सोसलेलं धर्म बदलल्यावर एका रात्रीत नाहीसं होतं, असं त्याने गृहीत धरलं होतं.

सतराव्या शतकात जॉन लॉकने सहिष्णुतेवर पत्र लिहिलं, त्यातला गाभा हाच आहे. सक्तीने श्रद्धा निर्माण होत नाही, ढोंग निर्माण होतं. मला त्यात एवढीच भर घालायची आहे की ढोंग दोन्हीकडे निर्माण होतं. नोकर दाखला खोटा देतो आणि मालक कारण खोटं देतो.

मग उमेदवाराने काय करावं? इथे मौन आणि खोटं यांत फरक केला पाहिजे. कामाशी संबंध नसलेला प्रश्न विचारला तर उत्तर न देणं हा माणसाचा हक्क आहे. माळी म्हणून येणाऱ्याने आपण कुठे प्रार्थना करतो हे सांगितलं नाही, तर त्याने कुणाला फसवलेलं नाही. पण कीर्तनकार म्हणून नेमणूक घेऊन मनात विठ्ठल नसेल, तर तो मंडपात बसलेल्या प्रत्येकाला फसवतो.

कसाऱ्याचा घाट चढून गेलं की इगतपुरीला विपश्यनेचं केंद्र आहे, धम्मगिरी. तिथे शिबिरात सेवा द्यायची तर आधी दहा दिवसांचं शिबिर केलेलं असावं लागतं. कुठल्याही जातीधर्माचा माणूस चालतो. मला ही अट आवडते. ती आचरणाची आहे, जन्माची नाही. ती कामाला धरून आहे, कारण जो स्वतः बसला नाही तो बसलेल्यांची सेवा काय करणार? आणि ती आधी सांगितलेली आहे.

सेवा हा शब्द आलाच आहे तर त्याबद्दलही दोन वाक्यं. शेगावच्या सेवेकऱ्यांचं कौतुक सगळा महाराष्ट्र करतो आणि ते योग्यच आहे. माणसं आपली शेतीवाडी सांभाळून काही दिवस आनंदाने सेवा देतात. पण काही ठिकाणी बारा महिने, बारा-बारा तास राबणाऱ्या माणसालाही 'सेवेकरी' म्हणतात आणि पगाराला 'मानधन'. म्हणजे भविष्य निर्वाह निधी नको, सुट्टी नको, काढताना नोटीसही नको. सेवेकऱ्याला काढत नाहीत ना, त्याची सेवा 'थांबते'. शब्द पवित्र वापरला की व्यवहार पवित्र होत नाही.

आणि तराजू एकच ठेवा. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याने वक्फ मंडळांवर बिगरमुस्लिम सदस्य घेण्याची तरतूद केली. देवस्थानात मुस्लिम माळी नको म्हणणारे काही जण इथे टाळ्या वाजवत होते. आणि शिंगणापूरच्या बातमीवर समतेचे लेख लिहिणारे काही जण वक्फच्या बाबतीत 'आमच्या धर्माचा कारभार आम्हीच बघू' म्हणत होते. दोन्ही गोष्टी अगदी सारख्या नाहीत हे मला कळतं. एकीकडे रोजंदारीचं काम आहे, दुसरीकडे कारभाराचं पद. पण फरक असेल तर तो मांडा. आपल्या बाजूला एक माप आणि पलीकडच्याला दुसरं, हे चालणार नाही. कुठलाही नियम करताना तो शेजारच्या धर्माच्या संस्थेने तुमच्या पोराला लावला तर तुम्हाला चालेल का, एवढं विचारून पाहा.

आता मुद्द्याची गोष्ट. खासगी नोकरीत धर्मावरून भेद करू नये असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. घटनेतली १५ आणि १६ ही कलमं मुख्यतः सरकारला बांधतात. म्हणून सगळं कोर्टावर सोडून चालणार नाही. पण आपल्या हातात काहीच नाही असंही नाही. सार्वजनिक विश्वस्त संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात, त्यांचे हिशेब तिथे जातात, आणि त्या चालतात तुमच्या-आमच्या दानावर. पावती फाडणाऱ्याला विचारायचा हक्क आहे. तर आपल्या गावातल्या ट्रस्टला, मग तो देवळाचा असो, मशिदीचा, चर्चचा, नाहीतर विहाराचा, तीन गोष्टी मागा.

एक, जागा भरायची तर पद, पगार आणि अट फलकावर लावा. धर्माची किंवा आचरणाची अट असेल तर तिच्यापुढे एका ओळीत कारण लिहा. कारण लिहिता येत नसेल तर अट काढा.

दोन, नेमलेला माणूस कुठल्या विश्वस्ताचा नातेवाईक आहे का, तेही तिथेच लिहा. धर्माच्या नावाने जेवढी माणसं डावलली जातात, त्याहून जास्त भाच्या-पुतण्यांच्या नावाने डावलली जात असतील.

तीन, काढायचं तर एकेकाला काढा. त्याचं कारण त्याच्या हातात लेखी द्या, त्याचं ऐका, मग निर्णय घ्या. मोर्चा येणार म्हणून यादी करू नका. आणि कारण धर्माचं असेल तर तसं लिहायची तयारी ठेवा. लिहिताना पेन अडखळलं, तर ते का अडखळलं याचा विचार विश्वस्तांनी देवासमोर बसून करावा.

काल शहापूरला कुणीतरी म्हणालं, सर, असं केलं तर पुष्कळ ट्रस्ट उघडच 'फक्त आमच्या धर्माचे' असा फलक लावतील. लावू देत. मला ते आवडणार नाही, पण मी त्यांच्याशी भांडू शकेन. भक्तही ठरवू शकतील की अशा ठिकाणी दान द्यायचं की नाही. आज ज्या संस्थेत सर्वांचं स्वागत असा फलक आहे आणि आत कुलदैवत विचारतात, तिच्याशी भांडणार कसं? ती म्हणते, आम्ही कुठे काय केलं, त्याला विषयच येत नव्हता!

माझं बोलणं इथे थांबवतो. पुढची वीस मिनिटं प्रश्नांसाठी आहेत. ज्यांच्या घरातलं कुणी अशा संस्थांत नोकरीला आहे त्यांनी आधी विचारावं, बाकीच्यांनी नंतर.